काहीच कमी नसलेल्या गावाची पाहणी

मी रोह्याची. आमच्या रोह्यात कोणाला "कसं काय?" विचारलं की तो आधी बसायला जागा बघतो, कारण उत्तराला वेळ लागतो. त्यामुळे समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला 'लोकांच्या गरजा आणि त्यांना मिळणाऱ्या सेवा' हा पाहणीचा विषय वाट्याला आला, तेव्हा मला वाटलं, हे काम मी झोपेत करीन. आणि रोह्यातलं निम्मं काम खरंच झोपेत झालं. माझ्या नव्हे, लोकांच्या. धाटावच्या कंपन्यांतून नाइट शिफ्ट करून आलेली माणसं सकाळी दहाला दार उघडायची आणि डोळे न उघडता उत्तरं द्यायची. एका काकांनी नळाच्या दाबापासून शेजारणीच्या मिक्सरपर्यंत सतरा गरजा सांगितल्या. मी आभार मानायला मान वर केली तर काका चौकटीला टेकून घोरत होते. घोरता घोरता त्यांनी आणखी दोन सांगितल्या. मी त्याही लिहून घेतल्या. संशोधन म्हणजे संशोधन.

माझ्या आईने तर कहर केला. प्रश्नावलीत गरजा लिहायला चार ओळी होत्या, आईने सात पानं जोडली. गटार, भटकी कुत्री, एसटी स्टँडवरचा पंखा, भाजीवाल्याचं बोलणं. आणि सातव्या पानाच्या तळाला, लाल शाईने: "आमच्या नाक्यावर आठवड्यातून एकदा फिरत्या दवाखान्याची गाडी थांबावी." आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर दोन दवाखाने आहेत. त्यांतला एक डॉक्टर आईला लांबून येताना बघितलं की मागच्या दाराने निघून जातो. हे मी म्हणत नाही, आईच अभिमानाने सांगते.

ती फिरत्या दवाखान्याची गाडी मात्र खरी होती. एका संस्थेची गाडी रोहा आणि पेण या दोन तालुक्यांत फिरायची. आत डॉक्टर, नर्स, औषधं, जखमेची पट्टी करायचं सामान. तिचे बाकी वार ठरलेले होते, एक बुधवार तेवढा मोकळा होता. तो कोणाला द्यायचा हे आमच्या पाहणीवरून ठरणार होतं. निम्मी पाहणी रोह्यात, निम्मी पेणच्या खाडीकडच्या गावांत. ज्यांची गरज मोठी, त्यांचा बुधवार.

आमच्या मॅडमचा एकच नियम होता आणि तो त्यांनी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या: तुम्हाला काय दिसलं ते लिहायचं नाही, लोक काय म्हणाले ते लिहायचं. "नाहीतर ती पाहणी होत नाही, निबंध होतो," असं म्हणून त्या माझ्याकडेच बघायच्या. का, ते मला कधी कळलं नाही.

जोडीला मला एक पेणचा मुलगा दिला होता. त्याच्या घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आणि हा त्यात डोळे आखणारा. श्वास रोखून काम करायची सवय लागल्यामुळे बोलायलाही त्याच्याकडे श्वास उरत नसे. दोन वर्षांत त्याने वर्गात चार वाक्यं उच्चारली होती, त्यांतली दोन "हजर" अशी होती. पण अक्षर असं की त्याने भरलेली प्रश्नावली चौकट करून भिंतीवर लावावी. तेव्हा कामाची वाटणी आपोआप झाली. मी विचारायचं, त्याने लिहायचं.

तर रोह्याचे गठ्ठे बांधून, रेल्वेने निडी, नागोठणं करत मी पेणला उतरले आणि आम्ही दोघं खाडीकडच्या एका गावात गेलो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुन्हा तिथे जेवायला मिळणार नाही, आणि तिथल्या निवट्यांच्या, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांच्या, कालवणासाठी मी पदवी परत करायलाही तयार आहे. मुख्य रस्त्यावर मिनिडोअर रिक्षा सोडते, पुढच्या कच्च्या बांधावर रिक्षावाले येत नाहीत, म्हणून चालायचं. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला मिठागरं. वारा असा की बांधाच्या मध्यावर मी तोंड उघडलं आणि माझा आवाज माझ्याआधी गावात पोचला. लोक दारात येऊन उभेच होते.

पहिल्याच घरात आम्हाला बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. मग मी विचारलं, "गावात पाण्याची सोय कशी आहे?"

"हाय ना. लय पानी हाय," घरातली बाई म्हणाली.

तिच्या मागे ओटीवर बारा हंडे, सात कळशा आणि एक बाळाच्या आंघोळीची बादली ओळीने तोंड उघडी ठेवून बसली होती. तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला आणि टँकर आला. गाव असं धावलं की मला वाटलं भूकंप झाला.

"हा टँकर?" मी विचारलं.

"तो येतो असाच," बाई हंडा उचलता उचलता म्हणाली. "गावाला भेटाया."

दुसऱ्या घरात मी विजेचं विचारलं. "चोवीस तास," असं आजोबा म्हणेपर्यंत डोक्यावरचा पंखा थांबला. आम्ही तिघांनी वर बघितलं. आजोबा शांतपणे म्हणाले, "त्याला बी इसावा पायजे." तिसऱ्या घरात रस्ता उत्तम होता. माझा जोडीदार तेव्हा उंबऱ्याशी बसून चपलेतला चिखल काडीने काढत होता. निम्मा बांध तो सोबत घेऊन आला होता.

पुढेही तेच. प्रत्येक घरात चहा, प्रत्येक घरात "काय पन कमी नाय." दुपारपर्यंत माझ्या पोटात चहाची भरती आली होती आणि गरज एकही मिळाली नव्हती. गरजांच्या चार ओळींत जोडीदार आपल्या सुंदर अक्षरात लिहीत होता: काही नाही. काही नाही. काही नाही. इतकं सुखी गाव पृथ्वीवर दुसरं नसावं. मला वाटलं, रोहा सोडून इथेच राहायला यावं.

शेवटचं घर एका आजीचं होतं. बांधाच्या टोकाला, समोर अंगण, अंगणात मोठं करंजाचं झाड, आणि पुढे अशी ऐसपैस पडवी की तीत तालुक्याची सभा भरावी. आजीने उभं आयुष्य मिठागरात काढलं होतं. तिच्या मुलाचंही तेच काम, सून सोबतीला.

"माझं पाय गो, लोनच्यासारखं मुरलंत," ती म्हणाली. "मी जाईन, ते ऱ्हातील."

आजीने आम्हाला भाकरी आणि जवळा वाढला. वाढताना ती भिंतीला धरून चालत होती आणि बसली की डावं पाऊल लुगड्याखाली ओढून घेत होती. मी बोलण्यात गुंग, मला काय दिसणार! पण डोळे आखणाऱ्याची नजर ती. त्याने कोपराने मला ढोसलं. लुगड्याच्या काठाखालून अंगठ्याची पट्टी दिसत होती. पट्टी पांढरी असते. ही चहाच्या रंगाची झाली होती.

"आजी, आजारपणात काय सोय?" मी विचारलं.

"आजारपन कोनाला हाय? आमच्या घरान कोन आजारी परत नाय." तिकडे 'ड', 'ढ'चा पुष्कळदा 'र' होतो, म्हणजे कोणी आजारी पडत नाही.

"पायाला काय झालंय?"

"पायाला?" आजीने स्वतःच्या पायाकडे असं बघितलं की जणू तो शेजाऱ्यांचा आहे आणि चुकून इथे आलाय. "काय नाय. भाकर घे गो अजून. कशी बारीक झालीस."

मी बारीक! आईला हे ऐकवायला हवं होतं.

हात धुवायला मागे गेलो तर सून कळशी घेऊन आली आणि पाणी ओतता ओतता, ओठ न हलवता बोलली. "साखर हाय त्यांना. अंगठा चिघळलाय. आठवड्याला एकदा पट्टी बदलाया पेनला नेव लागतं. रस्त्यापर्यंत बांधावरनं चालवत नाय त्यांना. मागल्या तीन खेपा चुकल्या. डाक्टर बोलला, असंच चाललं तर अंगठा काढावा लागंल." मग तिने दाराकडे बघितलं. "पन लिवू नका हां. घरातली गोष्ट भायेर सांगितली तं माझी धडगत नाय."

गाडी दर बुधवारी या दारात आली तर अंगठा वाचतो. नाही आली तर जातो. इतकं साधं होतं ते. आणि आमच्या कागदावर त्या घराची गरज होती: काही नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी मॅडमच्या टेबलावर जवळजवळ चढलेच. "मॅडम, मी डोळ्यांनी बघितलंय!"

"त्या म्हणाल्या का?"

"त्या कशा म्हणतील? त्यांच्याकडे पाहुण्यासमोर घरात काही कमी आहे म्हणणं म्हणजे..."

"मग नाही."

"सून म्हणाली!"

"लिहू नका असंही म्हणाली ना? तिचा शब्द मोडून तुम्ही काय समाजकार्य करणार?" मॅडमनी चष्मा काढून पुसला. "आणि बुधवार ठरवायला संस्थेचे साहेब येतील तेव्हा ते हा तक्ता बघणार. रोह्याच्या गरजांची पानं मला दोन हातांनी उचलवत नाहीत. खाडीकडून एकही ओळ नाही. तुम्हीच सांगा, गाडी कुठे जाईल?"

गाडी आमच्या नाक्यावर जाणार होती. माझ्या आईकडे. लाल शाईकडे.

मी व्हरांड्यात येऊन अर्धा तास बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण दोन कावळे उडून गेले. जोडीदार कठड्याला टेकून ऐकत होता. शेवटी मी दम घ्यायला थांबले, तेव्हा त्याने त्या वर्षातलं आपलं मोठं वाक्य बोलून टाकलं. "आपण प्रश्न चुकीच्या घरी विचारतोय."

"म्हणजे?"

"निघताना आजी काय म्हणाली?"

मला आठवलं. निघताना आजीने बांधाच्या पलीकडे हात करून म्हटलं होतं, "आमचं सोर. त्या पलीकरच्या गावान जावा. त्या बिचाऱ्यांना काय नाय गो. ना पानी, ना रस्ता. बघवत नाय."

पलीकडचं गाव म्हणजे नाल्यापलीकडचं. दोन्ही गावांत आत्या-मावश्या दिलेल्या, आणि दोन्ही गावांत कबड्डीवरून असं वैर की सामन्याच्या दिवशी नवरा-बायको वेगळ्या बाजूला बसतात. मॅडमकडे परवानगी मागितली. त्यांनी प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवून दिला: शेजारच्या गावाला कशाची गरज आहे असं तुम्हाला वाटतं?

काय सांगू! बांध फुटतो तसं झालं. ज्या गावात आदल्या खेपेला तोंडातून एक गरज निघाली नव्हती, तिथे आता जोडीदाराचं पेन आटलं. पलीकडे गेलो तर तिथेही तीच गत. पलीकडच्या गावात एक मिशीवाले गृहस्थ होते, तालुक्यातल्या कबड्डीचे पंच. मिशी एवढी की तिच्या दोन टोकांना दोन गावं बांधता यावीत. त्यांनी आधी आपलं गाव कसं सुखी आहे ते सांगितलं आणि मग खुर्ची पुढे ओढली.

"त्यांचं सांगू? लिवून घे. त्यांना दवाखान्याचा लय तरास हाय. त्या करंजाच्या झाडाच्या घरातली म्हातारी हाय ना, आमच्याच गावची लेक ती. मिठागरात दोन मानसांचं काम एकली करायची. आता बांधावरनं पाय ओरत जाती. मी बघितली हाय. दोनदा वाटंत बसली. मी हाक मारली तर बोलते कशी, वारा खाया बसलेय." मिशी खाली आली. "लिवलंस? 'पाय ओरत' असं लिव. 'दुखतो' नको लिवू, दुखतो असं ती कवाच बोलली नाय."

जोडीदाराने ते जसंच्या तसं लिहिलं. लोक म्हणाले ते लिहायचं. इथे एक नव्हे, निम्मं गाव म्हणत होतं. मी बांधावर नाचले. जोडीदारही हसला, म्हणजे त्याची डावी भुवई हलली.

पण सुख असं एकटं येत नाही. मॅडमचा दुसराही एक नियम होता, तो फळ्याच्या मागच्या बाजूला होता बहुतेक: पाहणीत जे निघालं ते आधी लोकांसमोर वाचून दाखवायचं, मगच कायम करायचं. त्यामुळे एका दुपारी शाळेच्या हॉलमध्ये दोन्ही गावं समोरासमोर बसली, मध्ये कबड्डीची असते तेवढी जागा सोडून. टेबलाशी मॅडम, संस्थेचे साहेब आणि मी. आजी सुनेचा हात धरून आली आणि पाऊल पोटाशी घेऊन पुढच्या रांगेत बसली. वाचायला जोडीदार. त्याचा आवाज म्हणजे रेल्वेची उद्घोषणा, त्यात ना राग ना लोभ. घरांची नावं काढलेली, माणसांचे उल्लेख गाळलेले. तरीही "या गावाबद्दल त्या गावाचं मत" असं म्हणून त्याने पाणी, रस्ता, दवाखाना वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीला हॉलचे पत्रे उडतात की काय असं झालं.

"आमच्याकरे पानी नाय? कोन बोलला?"

"तुमचा टँकर आमच्या बांधावरनं जातो, ते इसरला?"

"आमची अडचन काढायाला तुमाला कोनी सांगितलं?"

साहेब घाबरून उभे राहिले. हात वर करून म्हणाले, "शांत व्हा, शांत व्हा! आपण चांगल्या कामासाठी जमलोय. दवाखान्याची गाडी या भागात द्यायचा विचार आहे. मला एवढंच सांगा, गाडीची गरज कोणत्या गावाला आहे?"

मग पंच उठले, मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "आमाला नाय. गाडी तिकरच्या गावाला द्या. तेंची परिस्थिती बरी नाय."

इकडच्या गावातून लगेच एक जण उठला. "आमाला कशाला? आमच्याकरे सगला हाय. तेंनाच द्या."

"तुमाला द्या!"

"तुमालाच द्या!"

जगात लोक गाड्यांसाठी भांडतात. इथे दोन गावं गाडी एकमेकांच्या गळ्यात मारण्यासाठी बाह्या वर करत होती. साहेबांनी वहीत बघितलं, मग मॅडमकडे बघितलं. "मग प्रश्नच मिटला. कोणालाच नको असेल तर बुधवार रोह्याला देऊन टाकू. तिकडून पुष्कळ मागणी आहे. एकीने तर सात पानं पाठवलीत."

सुनेने मान खाली घातली. खरं तर मी उठून ओरडणार होते, सगळं सांगून टाकणार होते, नियम गेले खाडीत. मॅडमनी टेबलाखालून माझा दुपट्टा धरून ठेवला होता. खोटं वाटेल, पण तो अजून एका बाजूने लांब आहे.

तेवढ्यात आजी उठली. एका हाताने सुनेचा खांदा, दुसऱ्याने पदर.

"सायेब," ती म्हणाली, "गाडीत डाक्टरीन हाय का डाक्टर?"

"बाई आहेत."

"लेकीच्या वयाची?"

"असतील."

"मंग ती उन्हात गाडीत बसनार? पत्र्याच्या गाडीत? भाजून निघंल पोर." आजीने हॉलभर नजर फिरवली. "गरजबिरज तुमी बघून घ्या, ते मना काय समजत नाय. पन आमच्या भागान बाई मानूस येनार तं तिला बसाया सावली नको? माझी परवी हाय, करंजाचं झार हाय. तिला माझ्याकरे बसवा. मी चाय देईन, भाकर देईन."

साहेब गोंधळले. "म्हणजे गाडी तुमच्या गावात हवी?"

"छा! आमाला कशाला हवी? पावनी येतेय, तिला घरान घेनार का नाय?"

पंच ताडकन उठले. "आनि आमची मानसं औषधाला तिच्या दारान जातील? शोभंल का?"

आजी त्यांच्याकडे वळली. शाळेत चुकलेल्या पोराकडे बघावं तसं तिने त्या मिशीकडे बघितलं. "तुला औषधाला कोनी बोलावलं रं? चाय पियाला ये. माह्येरच्या मानसाला चायला बोलावली नाय तं लोक मना काय बोलतील? आनि चाय पिताना डाक्टरीन समोर बसली असंल, तं तिला कंबर दाखवलीस म्हनून काय तुझी मिशी गलून परंल?"

हॉल असा हसला की पाखरं आढ्यावरून उठली. पंचांच्या कमरेचं दुखणं साऱ्या तालुक्याला माहीत होतं, फक्त पंचांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. ते मिशीत काहीतरी पुटपुटले आणि खाली बसता बसता म्हणाले, "चायला बोलावलं तं याला लागंलच. नाय कसं बोलनार?"

पाहुणचाराला नाही म्हणायचं नाही, हाही तिथलाच कायदा. मॅडमनी पेन काढलं आणि तक्त्यात लिहिलं: बुधवार, खाडीकडची दोन्ही गावं, थांबा करंजाखालची पडवी. साहेब विचारत होते, "पण मॅडम, गरज नक्की कोणाची लिहायची?" मॅडम म्हणाल्या, "शेजाऱ्यांनी एकमेकांची सांगितली आहे, साहेब. इतका भरवशाचा पुरावा मला वीस वर्षांत मिळाला नाही."

आईला मी घरी येऊन सगळं सांगितलं. आजीचं नाव-गाव न सांगता, फक्त अंगठा. आई बराच वेळ गप्प बसली, जे आमच्या घराण्यात पूर्वी घडलेलं नाही. मग म्हणाली, "माझं बीपी तो मागच्या दाराचा मोजेल. आता मी पण मागच्या दारानेच जाते."

पहिल्या बुधवारी मी आणि जोडीदार सकाळीच गेलो. गुणांशी त्याचा संबंध नव्हता, आम्हाला बघायचं होतं. आजीने लग्नातलं पातेलं चुलीवर चढवलं होतं. नाल्यापलीकडून चहाला जी माणसं आली, ती मोजायची तर खाडीचे खेकडे मोजावेत. कोणी चहा पिता पिता सहज डोळा दाखवला, कोणी सहज खोकला, कोणी सहज बाळ पुढे केलं. पंचांची कंबर तर दोनदा तपासली गेली, कारण पहिल्यांदा त्यांनी ती आपली नसल्याचं सांगितलं होतं. आजी सगळ्यांना पुढे करत होती. "जा गो, तू आधी जा." "ए, पावन्याला जागा द्या." तिचा नंबर काही येत नव्हता. उन्हं कलली. नर्सने डबे बंद करायला घेतले. सून माझ्याकडे बघत होती, मी जोडीदाराकडे, जोडीदार जमिनीकडे. डॉक्टरीणबाई स्टेथोस्कोप गुंडाळून उठल्या.

"अशी कशी चाललीस?" आजी म्हणाली. "सकालपासनं पोटात काय नाय. भाकर टाकलेय. बस."

डॉक्टरीणबाई बसल्या. तिथे नाही म्हणता येत नाही, हे त्यांना एका दिवसात कळलं होतं. आजी त्यांच्यासमोर बसली. चुलीवरच्या भाकरीला पापुद्रा धरला. मग डावं पाऊल लुगड्याखालून काढून तिने हलकेच पुढे सरकवलं.

"रिकामी बसलीस तं बघून ठेव. भाकर होईस्तोवर."

पट्टी सुटली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा हलला नाही, पण त्यांनी नर्सकडे न बघता हात पुढे केला आणि नर्सनेही न विचारता बंद केलेले डबे पुन्हा उघडले. बराच वेळ त्या जखम साफ करत होत्या. मग म्हणाल्या, "उशीर झालाय, पण फार नाही. दर बुधवारी बघीन. एकही चुकवायचा नाही. अंगठा राहील."

"मी कुठं जातेय? तूच येनार हायस," आजी म्हणाली आणि सुनेवर ओरडली, "भाकर करपली का ती! लक्ष कुठं हाय तुझं?" भाकरी करपली नव्हती. सुनेचं लक्ष कुठे होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

एकही बुधवार चुकला नाही. आंब्याचे दिवस सरता सरता मी पुन्हा गेले, तर अंगठ्याला नवी गुलाबी कातडी आली होती, पट्टी नव्हती, आणि आजी अंगणात दोन्ही पायांवर उभी राहून पंचांना हाताने सांगत होती की चहा सांडू नका. डॉक्टरीणबाई शेवटचं बघायला खाली बसल्या. "छान भरली जखम. आता महिन्यातून एकदा पुरे." मग उठताना त्यांनी बघितलं की आजी गुडघ्यावर हात टेकून उठतेय. "गुडघा दुखतो का?"

आजीने उजवीकडे बघितलं. सून चुलीपाशी होती. डावीकडे पंच बशीत फुंकर मारत होते. आजीने डॉक्टरीणबाईंचा हात धरला, त्यांना करंजाच्या बुंध्याआड नेलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "थोरा."

"कधीपासून?"

आजी खाली बसली, पाय लांब केले आणि पहिल्यापासून सांगायला लागली. मी पुढे सरकणार, एवढ्यात जोडीदाराने माझ्या बाहीला धरून मला अंगणाबाहेर काढलं. बांधावर येईपर्यंत त्याने बाही सोडली नाही, आणि मी, तुम्हाला पटणार नाही, पण मिनिडोअर मिळेपर्यंत एक शब्द बोलले नाही.